गिटारीतली उलटी तार

माझे मामा हैदराबादला रेडिओ दुरुस्तीचं काम करत. मी नोकरीला लागले तेव्हा त्यांनी मला हवाईयन गिटार दिली. ती मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवरून पोलादी कांडी सरकवत वाजवायची. तारांखाली मामांनी दोन पिकअप बसवले होते. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती केसासारखी बारीक तार गुंडाळलेली पट्टी. तारांची थरथर ती पकडते आणि भोंग्यातून गावभर ऐकू जाते.

मी मुरुमला मुलींच्या शाळेत शिकवत होते. आई माझ्याबरोबर राहायची. आम्ही मूळच्या तुळजापूरच्या. गणपती मंडळाच्या ऑर्केस्ट्रात मी वाजवायला लागले तेव्हा बाईमाणूस स्टेजवर बसतं म्हणून थोडी कुजबुज झाली, पण सूर कानावर पडले की माणसं गप्प व्हायची. मला त्याचा अभिमान होता, आणि तो मी लपवत नसे.

तो ऑर्केस्ट्रा चालवायचा बाजारातला लाऊडस्पीकरवाला. एका वर्षी गणपतीच्या आधी माझी गिटार खरखरायला लागली, म्हणून मी ती त्याच्याकडे दिली. ‘ठेवा बाई, नवी करून देतो,’ म्हणाला. गिटार परत आली ती थेट कार्यक्रमाच्या संध्याकाळी, स्टेजवरच.

पहिल्याच गाण्याला भोंग्यातून सुराच्या जागी घरघर आली. मी कांडी दाबून धरली, बटण फिरवलं, काही उपयोग झाला नाही. पुढं जमिनीवर माझ्या वर्गातल्या मुली बसल्या होत्या. लाऊडस्पीकरवाल्यानं माईक हातात घेतला आणि हसत म्हणाला, “बाईंच्या हाताला कंप सुटलाय. टाळ्या वाजवा अन् त्यांना घरी जाऊ द्या.”

सगळा मांडव हसला. माझ्या मुलीसुद्धा हसल्या. मी उतरते न उतरते तोच त्याचा पुतण्या कोरी गिटार घेऊन माझ्या खुर्चीवर बसला. त्यानं पहिली तार छेडली आणि मी वळून पाहिलं. तो आवाज माझ्या गिटारीचा होता. आपल्या घरच्या माणसाचा आवाज भिंतीपलीकडूनही ओळखू येतो, तसा मी तो ओळखला.

घरी येऊन मी तारांखालचं झाकण उघडलं. आत भलतेच पिकअप होते. एक चिरलेला, दोऱ्यानं बांधलेला; दुसऱ्याच्या तारेला हिरवा गंज चढलेला.

सकाळी मी दुकानात गेले. तो गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, “हेच होते बाई. तुम्हाला काय कळतंय त्यातलं? पोरींना पाढे शिकवा.”

आई म्हणाली, “जाऊ दे गं. त्याच्या नादी लागू नको. लई वंगाळ माणूस हाय तो.”

मी पुन्हा त्याच्या दुकानात गेले नाही, पण जाऊही दिलं नाही. शाळेत जाता-येता त्याचं दुकान लागायचं. रोज तिथून जाताना मी मनात एकच म्हणायची, ‘थांब.’

दिवाळीच्या सुटीत मी हैदराबादला मामांकडे गेले. त्यांनी नव्या पिकअपची जोडी मिळवली आणि बसवायला घेतली. मी त्यांचा हात धरला. “मामा, मीच बसवणार. तुम्ही फक्त सांगा.”

कथील वितळवून तार जोडायची तापलेली सळई मी पहिल्यांदा हातात धरली आणि बोटच भाजून घेतलं. जोडाला लावायच्या राळेच्या धुरानं डोळे चुरचुरत होते. जोड कच्चा राहायचा, ओढला की सुटायचा. शेवटी दोन्ही पिकअप लागले. एकेकटे लावले की दोघंही छान बोलत. पण पिकअप निवडायचं बटण मधे ठेवून दोन्ही एकदम लावले की आवाज डासाच्या गुणगुणीएवढा व्हायचा.

मामा हसले. “एकाच्या तारा तू उलट्या जोडल्यास. आता दोघं एकमेकांना खोडतायत. भोंगा कितीही वाढव, फरक पडायचा न्हाय.”

मी त्या दोन तारांची अदलाबदल केली आणि गिटार खोली भरून वाजली. पण मी त्या आवाजापेक्षा मामांच्या वाक्याचाच विचार करत होते.

मुरुमला आल्यावर मी घरीच वाजवू लागले. बाईंनी स्वतःच गिटार दुरुस्त केली, हे मुलींनी गावभर केलं. मग एका दुपारी तो पुतण्याच दारात आला. त्याची गिटार मुकी झाली होती, काकांना ती नीट करणं जमलं नव्हतं, दुसऱ्या दिवशी एका व्यापाऱ्याच्या मुलीच्या लग्नात कार्यक्रम होता आणि सोलापूरला जाऊन यायला वेळ नव्हता.

“काकांनी पाठवलंय का?” मी विचारलं.

“न्हाय बाई. त्यांना सांगू नका.”

मी गिटार उघडली. आत माझे दोन पिकअप होते. स्क्रूंवर मामांनी लावलेली लाखेची लाल टिकलीसुद्धा लाऊडस्पीकरवाल्यानं खरवडली नव्हती. बिघाड किरकोळ होता, एक जोड सुटला होता. तो मी लावला. मग दुसऱ्या पिकअपच्या तारा सोडवल्या आणि उलट्या जोडल्या.

शेजारच्या रेडिओला जोडून मी त्याला आधी एक पिकअप ऐकवला, मग दुसरा. बटण मधे मी ठेवलं नाही, त्यानंही ठेवलं नाही. तो खूश होऊन गेला.

लग्नात मी बायकांमध्ये पुढंच बसले. सुरुवातीची गाणी चांगली झाली. मग फर्माईश आली, लोक सरसावून बसले, आणि जोरात वाजवायला म्हणून पुतण्यानं बटण मधे सरकवलं. सूर जागच्या जागी वाळला. लाऊडस्पीकरवाल्यानं आवाज वाढवला. आणखी वाढवला. भोंगे किंचाळू लागले, पोरं कान झाकून हसायला लागली, नवरदेवाचा बाप उठून ओरडला, “बंद करा ते!” लाऊडस्पीकरवाला घामानं निथळत वायरी उपटत होता. मी समोरचा लाडू उचलला आणि सावकाश खाल्ला. तसा गोड लाडू मी पुन्हा खाल्ला नाही.

सकाळी लाऊडस्पीकरवाला दारात उभा. “बाई, तुम्ही केलंत हे.”

“व्हय. मी केलं.”

“लग्नघरात इज्जत घालवलीत माझी!”

“माझे दोन पिकअप आणून द्या. नाहीतर ती लाल टिकली कुणाची, हे मी मंडळाला दाखवते.”

तो तसाच माघारी फिरला. मग गिटार घेऊन आला. मी ओसरीवर बसून त्याच्यादेखत माझे पिकअप काढले आणि त्याचे चिरलेले, गंजलेले त्याच्या हातावर ठेवले.

“लई खुनशी आहात बाई तुम्ही,” तो म्हणाला.

मी आत जाऊन दार लावून घेतलं.

काढलेले पिकअप मी वापरले नाहीत. नव्यांचा आवाज जास्त चांगला होता. आई म्हणाली, “मग एवढा खटाटोप कशाला केलास?” मंडळाचं बोलावणं पुढं दोनदा आलं, मी गेले नाही. शाळेच्या संमेलनात मात्र वाजवायची. लाऊडस्पीकर उमरग्याहून मागवायला लावायची.

पुतण्या पुढं सोलापूरला गिरणीत लागला म्हणे. एकदा एसटी स्टँडवर दिसला, मला बघून मान खाली घातली. त्या पोराचा त्यात किती दोष होता, मला माहीत नाही. माझ्या खुर्चीवर बसताना तो हसला होता, एवढं मात्र माहीत आहे. मी त्याला हाक मारली नाही.