गव्हाणीकडं तोंड केलेली जीप

अप्पा, म्हणजे माझे वडील, गेले तेव्हा त्यांची जुनी जीप गोठ्यात उभी होती. बैलासारखीच, गव्हाणीकडं तोंड करून. जनावराला आणि गाडीला त्यांची शिस्त एकच होती. पुढं बैल विकले, जीप राहिली आणि तिच्या टपावर कोंबड्या बसू लागल्या.

काकांनी भंगारवाल्याशी बोलणं लावलं. आई त्यांना एवढंच म्हणाली, "भावजी, ह्यांच्या वर्षाच्या कार्यक्रमाला मी ह्याच जीपमधी रानात जाणार. चढ चढली न्हाई, तर मग द्या."

मंठाळच्या शिवारात आमचं रान ओढ्यापलीकडं, चढावर आहे. अप्पांच्या अस्थी तिथं पुरून आम्ही लिंब लावला होता. आईचे गुडघे तिथवर चालू देत नव्हते आणि ट्रॅक्टरवर बसायला ती तयार नव्हती. मी कॉलेजात शिकवतो. अप्पा गेल्यापासून मला पुस्तक हातात धरवत नव्हतं. वर्षभरात पहिलं उघडलं ते जीपच्या दुरुस्तीचं.

"पुस्तक वाचून गाडी नीट करायलास व्हय, मास्तर?" काका दारातून म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी स्वतःच पाना घेऊन आले. म्हणाले, बघायला आलोय.

इंजिन गावातल्या मिस्त्रीनं सुरू करून दिलं. बाकी सगळं आमच्या गोठ्यात झालं. मोडीत निघालेल्या ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे घालून जीप वीतभर उचलली. ओढ्याचं पाणी इंजिनात जाऊ नये, हवा वरूनच आत यावी म्हणून बोअरचा उरलेला पाइप काचेच्या बाजूनं वर नेला आणि त्याच्या तोंडावर पालथा तांब्या बसवला. आई दोन दिवस तो तांब्या शोधत होती. आम्हीही तिच्याबरोबर शोधत होतो.

शेवटी चिखलात चालणारे, जाड खाचांचे टायर आणले. त्यांच्यावर बाण होते. बाण जायच्या दिशेला हवेत, असं मी पुस्तकातून वाचून दाखवलं.

"मग दाराकडं कर," काका म्हणाले. "निघायचं तिकडंच की."

मला ते अगदी पटलं.

कार्यक्रमाच्या सकाळी आई फुलं मांडीवर घेऊन पुढं बसली, काका मागं. ओढा जीपनं सहज ओलांडला. आईनं आधी तांब्याकडं, नंतर माझ्याकडं बघितलं. मग चढ लागला. रात्रीच्या पावसानं काळी माती लोण्यासारखी झाली होती. खाचांत चिखल भरला, चाकं जागच्या जागी फिरली आणि आम्ही हळूहळू खाली आलो. पुन्हा गेलो, पुन्हा आलो. मला भंगारवाला दिसू लागला.

काका उतरून चाकाशी वाकले. "मास्तर, बाण मागं बघायल्यात की!"

"तुम्हीच म्हणालात, दाराकडं."

"मी म्हणलो. पण शिकलेला कोण हाय?"

"भांडायलाव कामून?" आई म्हणाली. "मागं बघायल्यात तर मागं चालव."

मी जीप वळवली आणि रिव्हर्स टाकला. चाकांनी माती धरली. आई गावाकडं तोंड करून चढ चढू लागली. शेजारच्या रानातल्या बाया खुरपणी सोडून उभ्या राहिल्या. आईनं त्यांना मोठ्या मानानं हात केला. काका चिखलातून पळत ओरडत होते, "डावीकडं घे! तुझ्या न्हाई, माझ्या!"

वर पोचल्यावर ते धापा टाकत म्हणाले, "उलटी चढलेली धरायची न्हाई, वैनी."

"चढायची बोली होती, भावजी. तोंड कुठं पाहिजे ते ठरलं नव्हतं."

काकांनी चेहरा पुसला आणि फोन कानाला लावला. "न्हाई, नका येऊ आता. गाडी चालायलीय. कशी ते नका विचारू."

मग आम्ही लिंबाच्या रोपाशी बसलो. त्रिशरण म्हणताना काकांचे हात जोडलेले होते, पण नजर जीपकडं होती. परत जाताना कोण चालवणार, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. किल्ली त्यांच्या खिशात होती.