झिजवलेले बूट

कोणी पायांकडे पाहिलं की तो विचारायच्या आत सांगून टाकी, "जुनेच हायेत, भाऊ. लय वापरले." न विचारता उत्तर देणाऱ्या माणसाचा मला पहिल्यापासून संशय येतो. तुम्हालाही येत असेल.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. लोखंडी तुळया उंचावर बसवणारे आम्ही खलाशी. आमच्या ठेकेदाराचा मुकादम भरतीच्या वेळी तोंड पाहत नसे, पाय पाही. कॅनव्हासचे बूट चवड्याला झिजलेले असले की माणूस खलाशी. कोरे असले की माती वाहायला. हा भंडाऱ्याकडचा गडी खलाशी ठरला आणि दुसऱ्या दिवसापासून माझा जोडीदार होणार होता. कॅम्पात झोपडीही माझ्या शेजारीच.

बूट झिजलेले होते खरे, पण दोन्ही अगदी सारखे. चालणाऱ्या माणसाचे बूट असे झिजतात का, तुम्हीच सांगा. शिवाय आतलं कापड पांढरंशुभ्र. चोरीचा माल असणार, असं मी ठरवूनही टाकलं.

संध्याकाळी त्याच्या झोपडीमागे डोकावलो. समोर वीट, राख, लाल माती घेऊन महाशय बुटांची आतली कड मळकट करत होते.

"कावून रे, नवे जोडे कावून खराब करून राहिला?"

तो दचकला. मग खालमानेनं म्हणाला, "परवा इथल्याच पावर हाउसच्या बाजारातून घेतले. वर कधी चढलो नाही, भाऊ."

"अन् तुहा पाय सुटला तं? तुळईच्या दुसऱ्या टोकाले मी हावो ना!" मी ओरडलोच.

"घरवाली पोटुशी हाय. मातीच्या टोपल्या वाहून राहिली. खलाशाची मजुरी भेटली तं तिले घरी बसवीन म्हटलं."

मला कीव आली, आणि भीतीही तितकीच वाटली. "सकाळी मुकादमाले तूच सांग. नाही तं मी सांगतो," म्हटलं. तो सांगेल यावर माझा काडीचाही विश्वास नव्हता.

हजेरीला मी मुद्दाम त्याच्या मागे उभा राहिलो. नाव पुकारल्यावर त्यानं बूट काढून हातात घेतले. "साहब, ये मैं घिसा हूँ. चढ़ना नहीं आता." मुकादमानं चार शिव्या घातल्या आणि टोपली फेकली. आता हा दुसऱ्या ठेकेदाराकडे जाऊन तेच करणार, अशीही शंका मला आलीच.

तो कुठे गेला नाही. वरून मला दिसे, बायकोची टोपली तो अर्धीच भरू देई आणि उरलेली माती आपल्या टोपलीत ओढी. मी तुळईवर पाय ठेवला की खालून ओरडे, "भाऊ, पाय सांभाळजो!" पहिल्यांदा मला तो टोमणाच वाटला. पुढे त्या हाकेशिवाय पाऊल टाकावंसं वाटेना. त्या माणसाचा मला फार लळा लागला होता.

मातीचं काम संपलं आणि माती वाहणाऱ्यांच्या टोळ्या, त्याच्यासकट, एकाएकी दुसरीकडे हलवल्या. त्याच्या बायकोचं बाळंतपण झालं का, कोणाला सांगता आलं नाही. सकाळी तुळईवर उभा राहून मी खाली पाहिलं. सपाट जमीन होती नुसती.

समोरच्या टोकावरून नवा जोडीदार ओरडला, "कावून थांबला बे?"

माझा पाय काही केल्या उचलेना.