सात नंबरच्या खाटेची जबानी

भूत, मुंजा, हडळ यांविषयी माझे मत काय आहे, ते अमरावतीच्या कचेरीपुढे कोणासही विचारावे. ज्या गोष्टीस साक्षीदार नाही ती गोष्ट घडलीच नाही – हे माझे मत; आणि वीस वर्षे अर्जनवीसाचा धंदा केलेल्या माणसाचे मत वाचकांनी हलके समजू नये. पंतोजींच्या शाळेत मी फार दिवस टिकलो नाही हे खरे. परंतु माझे मोडीचे वळण पाहून भल्या भल्या कारकुनांनी "हे अक्षर कोणाचे?" म्हणून विचारले आहे. अशा माणसाने पुढील हकीकत लिहावयास बसावे याचे मला स्वतःलाच नवल वाटते. पण घडले ते घडले... आणि त्याचा साक्षीदार दुसरा कोणी नसून मीच आहे.

समुद्रापलीकडे कोठे तरी मोठी लढाई लागली आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला दिवस आले, त्या सालांतली ही गोष्ट. अकोल्याच्या बाजारात गाड्यांना गाड्या भिडलेल्या असत. माणसे इतकी लोटली की आजाऱ्यांना ठेवावयास जागा पुरेना. म्हणून मोर्णा नदीच्या काठी गाडीवान व हमालांकरिता तट्ट्यांची एक लांब छपरी उभारून तिला दवाखाना म्हणत. आता त्या जागी काही नाही.

तेथील गोरे डॉक्टरसाहेब तरुण, अबोल, आणि एका गोष्टीच्या नादाने झपाटलेले होते. तापाच्या सोळा रोग्यांच्या त्यांनी समोरासमोर दोन रांगा केल्या होत्या. एका रांगेस एक उपचार, दुसरीस दुसरा. कोणता उपचार खरा गुणाचा ते त्यांना रोग्यांच्या तोंडून ठरवावयाचे होते. त्याकरिता रोज सकाळी प्रत्येकास तेच पाच प्रश्न विचारून, रोगी जे बोलेल ते रजिस्टरात उतरवून घेणारा लेखक त्यांस हवा होता. माझी शिफारस झाली. बायको वारून तेव्हा दोन वर्षे झाली होती, मूलबाळ नव्हते, अमरावतीच्या बिऱ्हाडात मला थांबवणारे कोणी नव्हते. मी निघालो. अकोल्यास मात्र सर्वांस सांगितले की घरची मंडळी अमरावतीस आहेत, पावसाळ्यात आणीन. एकट्या माणसाकडे लोक ज्या नजरेने पाहतात, ती नजर मला नको होती.

साहेबांच्या हाताखाली नेटिव्ह डॉक्टर म्हणून करीमसाहेब नावाचे हैदराबादेकडील वृद्ध गृहस्थ होते. त्यांस मोडी वाचता येई. मी सकाळी जबान्या लिहीत असे. दुपारी जेवून आल्यावर त्यांची स्वच्छ नक्कल करून मी ती करीमसाहेबांस देई, ते साहेबांस इंग्रजीत सांगत, आणि त्यावरून दुसऱ्या दिवशीची मात्रा ठरे.

आता माझ्या लिहिण्याविषयी. अर्जाचे तीन भाग असतात – नाव-गाव, दुःख आणि मागणे. दुःख मोठे मांडावे लागते. ज्याचा एक बैल मेला त्याची दावण ओस पडली असे लिहिल्याखेरीज हाकिमाचे लक्ष जात नाही. आणि मागण्यावाचून अर्ज म्हणजे हात न जोडता केलेला नमस्कार. तेव्हा खाटेवरचा हमाल "डोकं दुखते जी" म्हणाला की मी लिहीत असे: "मस्तकशूळाने अत्यंत व्याकूळ असून मेहेरबान साहेबांनी गरिबावर कृपाळू होऊन औषध वाढवून देण्याचे करावे." रोग्याच्या हिताकरिताच मी हे करीत होतो, अशी माझी समजूत होती.

करीमसाहेब एकदा चष्म्यावरून पाहून म्हणाले, "पंडितजी, ये सोलह के सोलह बीमार एक ही जबान में कैसे बोलते? कोई तो गाली दिया होगा?"

"गाळून लिहिली आहे," मी म्हणालो.

"गाली गाल दिए, तो बीमारी भी थोडी गल गई होगी," असे म्हणून ते हसले. मी हसलो नाही.

सात नंबरच्या खाटेवर उकंडा नावाचा माळी होता. तिवशाच्या अलीकडल्या एका खेड्यात त्याची विहीर आणि भाजीपाल्याची बाग. शेजाऱ्याच्या कापसाच्या गाडीवर सोबत म्हणून आला, तापाने पडला, आणि सोबतचे लोक त्याला छपरीत टाकून परत गेले. पहिल्या दिवशी त्याने मला "भाऊ" म्हटले. मी त्यास समज दिली की मला अर्जनवीस म्हणावे.

"बरं. अर्जनवीस भाऊ," तो म्हणाला.

त्यानंतर मी त्यास टोकले नाही.

इतरांच्या पाच प्रश्नांस मला थोडा वेळ पुरे. उकंडापाशी मात्र घटका जाई. तो मला वांग्याचे वाफे कसे बांधतात ते सांगे, विहिरीच्या पाण्याची गोडी सांगे. "तुमी जेवले का भाऊ?" असे विचारे. वाचकहो, अकोल्यासारख्या गजबजलेल्या गावात मी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत शेकडो माणसे पाहत होतो. मी जेवलो की नाही हे विचारणारा तेवढा एकच होता.

आठवड्यात त्याचा ताप उतरला. पण तोंड आले, हिरड्या सुजल्या, लाळ गळू लागली.

"ताप गेला माहा," तो म्हणाला. "आता हे पुडीच बाधून राहिली मले. साहेबाले सांगा ना भाऊ, घरी जाऊ द्या म्हना. वाफ्याईले पानी द्याले बायको एकटीच हाये."

"साहेबापाशी सुटका मागायची नसते, उकंडा. कृपा मागायची असते."

"कावून? मी काय जेलात हाओ?"

मी लिहिले: "मुखरोगाने अत्यंत पीडित असून साहेबांनी कृपाळू होऊन औषध वाढवून देण्याचे करावे."

पुडी वाढली. त्याच्या रांगेस कुनैनखेरीज पाऱ्याची पूड देत होते हे मला मागाहून कळले. तेव्हा फक्त एवढे दिसत होते की तो रोज अधिक वाळत चालला आहे, आणि रोज तेच सांगतो आहे, आणि मी रोज तेच लिहितो आहे.

पाडव्याच्या दिवशी छपरीत कडुलिंबाची पाने वाटली. उकंडाने पान तोंडात धरले आणि दुखून थुंकले. त्या दिवशी दुपारी मी माझी लाकडी पेटी उघडली – तिची किल्ली माझ्या जानव्यास असे, आणि जेवावयास जाताना मी रजिस्टर तीतच ठेवून कुलूप लावीत असे. नक्कल करावयास पान काढले, तो सात नंबरच्या जबानीखाली एक ओळ जास्त होती.

"मले बरं हाये. घरी जाऊ द्या."

अक्षर माझे. शाई माझी. माझी 'ज'ची लपेट, जी मी लहानपणी छड्या खाऊन कमावली, तीही तशीच. परंतु असली गावंढळ भाषा मी जन्मात कागदावर उतरवली नव्हती. मी ते पान फाडले, सर्व मजकूर नव्याने लिहिला आणि करीमसाहेबांस दिला. उन्हाने डोके फिरले असावे, असे स्वतःस सांगितले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, कुलूप काढले तेव्हा, त्याच जागी –

"विहिरीवरची मोट फाटली. घरी जाऊ द्या."

बाहेर ऊन रणरणत होते, बाजारातून गाडीवानांची ओरड ऐकू येत होती, समोर माशा बसलेल्या सोळा खाटा... भिण्याजोगे तेथे काहीच नव्हते. तरी मी पेटी बंद केली. मी उकंडाच्या खाटेपाशी गेलो.

"उकंडा, तुझी मोट फाटली का रे?"

सुजल्या तोंडाने त्याला धड बोलवत नव्हते. "कोन सांगतलं? मी निंगालो तवा चांगलीच होती."

"तुला लिहिता येते?"

तो हसला, हसताना हिरडीतून रक्त आले. "मले आलं असतं तं तुमी काहाले लागले असते, भाऊ?"

तेव्हाच मी करीमसाहेबांकडे जावयास हवे होते. गेलो नाही. ती ओळ दाखवली तर तिच्या वरची माझी ओळही ते वाचणार, आणि मग रोग्यास विचारणार. माझी वीस वर्षांची अब्रू त्या दोन ओळींमध्ये अडकली होती. हे पानही मी फाडले. औषध वाढवण्याचे मागणे मात्र नव्या पानावर तसेच ठेवले. हे लिहिताना मला लाज वाटते, पण जबानी खरी द्यावी.

तिसऱ्या दिवशी उकंडाने एकाही प्रश्नास उत्तर दिले नाही. डोळे मिटून पडला होता; मी कालचेच मागणे लिहिले. जेवलात का, तेही विचारले नाही. करीमसाहेब नाडी पाहून चुकचुकले आणि म्हणाले, "अजीब है. जितना मांगता है उतना दे रहे, और ये जा रहा है."

मी त्या दिवशी जेवावयास गेलोच नाही. रजिस्टर पेटीत ठेवले, कुलूप लावले, पेटी मांडीवर घेऊन उकंडाच्या पायथ्याशी बसलो. कोणी जवळ आले नाही. माझा डोळा लागला नाही – हे मी शपथेवर सांगतो. दुपार टळल्यावर पेटी उघडली.

"तुमाले कोनी नाही म्हनून मले ठेवू नका, भाऊ."

मी ती ओळ पुन्हा वाचली.

अकोल्यात कोणासही ठाऊक नव्हते की माझे कोणी नाही. आणि दुसरी गोष्ट मलाही ठाऊक नव्हती – त्या क्षणापर्यंत. साहेबापाशी सुटका मागू नये, मागण्याचा रिवाज असतो, हे सगळे मी स्वतःस सांगत होतो. खरे एवढेच होते की सात नंबरची खाट रिकामी झाली असती, तर सकाळी उठून मला कोणाकडे जावयाचे ते उरले नसते.

ते पान मी फाडले नाही. रजिस्टर तसेच उघडे घेऊन करीमसाहेबांकडे गेलो. पहिल्या दोन ओळी, फाडलेली पाने, मागण्यांचा माझा रिवाज – सर्व सांगितले. ते वाचत असता त्यांचा चेहरा बदलत गेला. मग ते मला साहेबांपुढे घेऊन गेले आणि बराच वेळ इंग्रजीत बोलले.

साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी लेखणी घेतली आणि रजिस्टराच्या पहिल्या पानापासून प्रत्येक पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकेक रेघ मारली. सर्व दिवस, सर्व खाटा. शेवटच्या पानावर माझी जबानी खोडून, करीमसाहेबांनी दाखवलेल्या त्या खालच्या ओळीशी ते थांबले. ती त्यांनी खोडली नाही.

"ये सब झूठ," ते म्हणाले. "फिर से शुरू. ये एक लाइन जिसने लिखा, वो आदमी हमको मांगता."

करीमसाहेब माझ्याकडे पाहू लागले. अक्षर माझे होते.

त्याच दिवशी पुडी बंद झाली. चार दिवसांनी उकंडास भिंतीला टेकून बसता आले, आणि त्यानंतर आणखी काही दिवसांनी कापूस उतरवून अमरावतीकडे परतणाऱ्या रिकाम्या गाडीत करीमसाहेबांनी त्यास गवत टाकून निजवले. मी गाडीपाशी गेलो होतो. त्याने माझा हात धरला. त्या ओळींची गोष्ट मी त्यास सांगितली नाही. गाडी वळली आणि मी छपरीत परत आलो, तो सात नंबरवर दुसरा हमाल निजलेला. त्यास पाच प्रश्न विचारणारा लेखकही दुसरा. मी आपली पेटी उचलली.

आषाढात मी तिवशाकडे गेलो. उकंडा बागेत सापडला. अंगाने भरला होता, पण पुढचे सगळे दात गेलेले. बायकोला म्हणाला, "हे पाय, हेच ते अर्जनवीस भाऊ. याइनंच मले सोडवलं." मी मान खाली घातली.

जेवताना मी सहज विचारल्यासारखे केले, "मोट बरी आहे ना?"

उत्तर बायकोने दिले. "आता नवी हाये जी. जुनी तं पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीच फाटली. शिवून द्याले कोनी नोतं. चार दिस मी घागरीनं पानी वाहालं. याइले तं घरी आल्यावर समजलं."

उकंडा भाकर दुधात कुस्करून मऊ करीत होता. मी विचारले, "खाटेवर असताना माझ्याविषयी कधी काही मनात आले होते का रे? म्हणजे... मी एकटा आहे, असे?"

त्याने वर पाहिले. "नाही बा. तुमाले तं घरची मंडळी हाये ना अमरावतीले? तुमीच सांगतलं होतं."

मी हो म्हणालो.

कोणी म्हणतात, माझ्याच हाताने माझ्या नकळत त्या ओळी लिहिल्या. असेल. पण अकोल्यास बसलेल्या माझ्या हातास तिवशाकडची फाटलेली मोट कशी कळली?

मी पुन्हा अमरावतीस कचेरीपुढे बसतो. ज्याचा एक बैल मेला त्याचा एकच लिहितो, आणि मागणे त्याचेच त्याला वाचून दाखवतो. गिऱ्हाईक पूर्वीपेक्षा कमी झाले आहे. प्रत्येक अर्जाची नक्कल माझ्या वहीत ठेवण्याची सवय कायम आहे. नकलेखाली मी एक ओळ कोरी सोडतो, पेटीस कुलूप लावतो आणि जेवावयास जातो.

परत आल्यावर आधी ती ओळ पाहतो. अजूनपर्यंत ती कोरीच निघाली आहे.