मामीची पाठमोरी भिंत

माझ्या मामीला माणसं चेहऱ्यावरून लक्षात राहत नाहीत, मानेवरून राहतात. रस्त्यात समोरून कुणी हसलं की ती गोंधळून नुसती मान डोलावते. तीच बाई चार पावलं पुढे गेली, की मागे वळून ओरडते, "अगंबाई, तुम्ही होय! तो केसांतल्या दोन भोवऱ्यांचा ताप!" यात तिचा काही दोष नाही. बायकांचे केस कापण्यात तिचं आयुष्य गेलं, आणि केस कापणारी कायम माणसाच्या मागे उभी असते.

दुकान म्हणजे तिच्या घराचीच पुढची खोली. दोन खुर्च्या, त्यातल्या एकीवर धुतलेल्या टॉवेलांचा ढीग. भिंतीला एक मोठा आरसा, खालच्या कोपऱ्यात पारा उडालेला. खिडकीशी वाट बघणाऱ्यांसाठी एक बाक. मागची बाजू दाखवायला हातातला एक छोटा आरसाही होता, पण तो मामाने दाढी करताना फोडला. मामीला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. तिचं म्हणणं, तो आरसा मागे धरला की बायका बघायच्याच नाहीत, नुसतं "छान छान" म्हणून पर्स उचलायच्या. ज्या कामावर ती सगळा जीव ओतायची ते काम गिऱ्हाईक कधी बघतच नसे, आणि हे तिला आतून सलायचं.

म्हणून तिने कॅमेरा घेतला. आमच्या चौकातलं खेळण्यांचं दुकान बंद होत होतं, सगळा माल मातीमोल किमतीला काढला होता, त्यात हा मिळाला. फिकट पिवळा, साबणाच्या डबीसारखा गुबगुबीत. बटण दाबलं की वरच्या फटीतून लगेच फोटो बाहेर येणार.

मामा म्हणाला, "घरात लहान मूल नाही. हे खेळणं कुणासाठी?"

"तुमच्यासाठी," मामी म्हणाली आणि फिल्मचा डबा आत बसवला.

पहिला मान शेजारच्या शिंपीणबाईंचा. केस कापून झाले, मामीने मागे जाऊन बटण दाबलं, घर्र आवाज झाला आणि एक काळंकुट्ट कार्ड बाहेर आलं. चित्र उमटायला वेळ लागतो हे खोक्यावर लिहिलेलं होतं, त्यामुळे दोघी ते कार्ड मध्ये ठेवून बसल्या. चहा झाला. दुसरा चहा झाला. कार्ड जसंच्या तसं. शेवटी मामी, जिला हार मानायची सवयच नाही, म्हणाली, "तुमचे केसच इतके काळेभोर, त्याला तो बिचारा काय करणार!" शिंपीणबाई इतक्या खूश झाल्या की ते कार्ड पर्समध्ये घालून घरी घेऊन गेल्या. संध्याकाळी मी माहितीचा कागद वाचला तेव्हा कळलं, नवीन डबा घातला की आधी फिल्मवरचं काळं झाकण बाहेर येतं. फोटो त्यानंतरचा. शिंपीणबाईंना आम्ही ते आजतागायत सांगितलेलं नाही.

मग मामाला खुर्चीत बसवलं. पहिल्या खेपेला अर्धं डोकं आणि अर्धं कॅलेंडर आलं. कॅमेऱ्याचं बघायचं भोक एका बाजूला आणि भिंग दुसऱ्या बाजूला, हे मामीने दुसऱ्या फोटोत ओळखलं. तिने स्वतःचा नियम बसवला: डाव्या कानावर नेम धरायचा, म्हणजे डोकं मधोमध येतं. तिसरा फोटो झकास आला. त्यात मामाच्या टाळूवर बशीएवढं टक्कल लख्ख चमकत होतं.

"हा मी नाही," मामा म्हणाला.

"मग खुर्चीत कोण होतं?"

"स्वस्तातलं यंत्र आहे. चुकतं."

मामीने तो फोटो नमुना म्हणून आरशाशेजारच्या भिंतीवर, अगदी खालच्या कोपऱ्यात टाचला. तिथून भिंत सुरू झाली.

गळ्यापासून सगळ्यांच्या अंगावर तोच काळा झगा, खाली नाव नाही, नुसती डोकी. चेहऱ्याला मज्जाव. "तोंड आरशात बघा, फुकट आहे," मामी म्हणायची. फिल्म महाग, त्यामुळे प्रत्येक गिऱ्हाइकाचा एकच फोटो निघे, आणि कुणी तो झटकायला लागलं तर ती हातावर चापटी मारे, "पंखा आहे का तो?" गंमत अशी, की आपलं डोकं कुणालाच ओळखता येत नसे. बायका भिंतीसमोर उभ्या राहून हसून हसून बेजार व्हायच्या. एक गृहस्थ बायकोला न्यायला आले आणि "ही आमची" म्हणून त्यांनी छातीठोकपणे बोट ठेवलं, ते नेमकं शेजारणीच्या डोक्यावर. त्यांची खरी बायको मागे बाकावर बसलेली होती. ते गृहस्थ पुढे बरेच दिवस दुकानाच्या बाहेरच थांबत.

हळूहळू बायका भिंतीवरूनच केस निवडायला लागल्या. "मला ते वरचं द्या." मामीची कॉलर ताठ झाली. पण मला सांगायचंय ते गाण्याच्या बाईंचं.

गाण्याच्या बाई आमच्या भागातल्या समूहगानाच्या प्रमुख. पन्नासेक माणसं त्यांच्या हाताच्या इशाऱ्यावर गातात, त्यात शेवटच्या रांगेत मामी, जी तालाच्या कायम थोडी पुढे असते. बाई गायकांकडे तोंड करून उभ्या राहतात, म्हणजे सभागृहाकडे त्यांची पाठ. लोकांनी वर्षानुवर्षं त्यांचं तोंड कमी आणि कमरेपर्यंतची जाड वेणी जास्त पाहिली होती. गाणं रंगात आलं की ती वेणीही डोलायची. मग बाई आजारी पडल्या. औषधांनी आजार हटला, पण केस सगळे गेले.

बऱ्या झाल्यावरही त्या परत आल्या नाहीत. डोक्याला घट्ट रुमाल बांधून घरात बसून राहिल्या. त्यांच्या जागी बँकेतले एक गृहस्थ उभे राहायला लागले. भला माणूस, पण वाहतूक पोलिसासारखे हात करायचा. निम्मे लोक गळाले. वार्षिक कार्यक्रम तोंडावर आलेला, आणि तो बाईंशिवाय झाला तर समूहगान बंदच करावं असं सगळे दबक्या आवाजात बोलत होते. मामीला हे परवडणारं नव्हतं. आठवड्यातून एकदा मोकळ्या गळ्याने ओरडायची तिची तेवढीच जागा.

ती बाईंच्या घरी गेली. "केस वाढले असतील तर निदान सारखे करून घ्या," एवढंच म्हणाली. बाई आल्या, ती वेळ दुपारची, दुकान रिकामं असण्याची. आरशाकडे पाठ करून बसल्या. रुमाल काढला. मामीने मला नंतर सांगितलं ते असं. पूर्वी सरळ होते ते केस आता दाट, रुपेरी, कुरळे होऊन आले होते. पण बाईंना सांगून उपयोग नव्हता. आजारात एकदा कुणीतरी त्यांना मागून आरसा दाखवला होता, आणि तेव्हा दिसलेलं डोकं त्यांच्या मनात घर करून बसलं होतं.

"फोटो काढू?" मामीने विचारलं.

"काढ. मला दाखवू नकोस."

"भिंतीवर लावू?"

"लाव. इथे कुणाला कळतंय कोण कुणाचं ते." आणि रुमाल बांधून त्या निघून गेल्या.

त्यानंतर एका शनिवारी त्या पुन्हा आल्या, तेव्हा मी तिथेच होते. मामी आतून गरम पाणी आणायला गेली होती. बाई भिंतीसमोर उभ्या राहिल्या. रुमालाची गाठ चाचपत मला म्हणाल्या, "किती हौसेने लावलंय हिने. सगळी शोभून दिसतात, माझं एक सोडून."

"तुमचं कुठलं?" मी विचारलं.

त्यांनी न बघताच खालच्या कोपऱ्याकडे बोट केलं. "ते. उघडं पडलेलं. मी इथे आले की त्याच्याकडे बघतच नाही. असं डोकं घेऊन अख्ख्या सभागृहाकडे पाठ करून दोन तास उभी राहू? तूच सांग."

मला हसावं की रडावं कळेना. मामी दारात भांडं घेऊन तशीच उभी होती. मी तोंड उघडणार तोच तिने डोळ्यांनी मला गप्प केलं.

बाई वर बघत होत्या. "आणि हे बघ. हे रुपेरी. किती ऐटदार आहे! अशी मान असती ना, तर मी उद्या जाऊन उभी राहिले असते. कोण आहे ही?"

"कुठली? ही?" मामीने भांडं खाली ठेवलं. "बाई, ही तुम्हीच."

"चेष्टा करू नकोस."

"चेष्टा कशाला करू? त्या कोपऱ्यातला आमच्या घरचा गृहस्थ आहे. बोलावू का?"

आणि तिने खरंच मामाला हाक मारली. मामा बनियनवर, हातात वर्तमानपत्र घेऊन बाहेर आला. मामीने त्याला खांद्याला धरून उलटा फिरवला आणि फोटोशेजारी उभा केला. बशी बशीला जुळली.

"मी सांगितलं ना, ते यंत्र चुकतं," मामा भिंतीकडे तोंड करून पुटपुटला.

बाईंनी रुमाल सोडला. बोटं मागे नेऊन केसांतून फिरवली, फोटोकडे बघितलं, पुन्हा फिरवली. मग त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. मामीही रडली, मीही रडले. मामाला मात्र कुणी वळायला सांगेना, त्यामुळे तो बराच वेळ तसाच उभा होता.

कार्यक्रमाला सभागृह तुडुंब भरलं होतं, आणि गळालेले गायकही परत आले होते. मी पहिल्या रांगेत, मांडीवर पिवळा कॅमेरा. "एकच फिल्म उरली आहे," मामीने बजावलं होतं. "डावा कान. हात हलला तर जेवायला घरी येऊ नकोस." बाई आल्या, डोकं उघडं, मान ताठ. आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. कुणीतरी मागे कुजबुजलं, "वेणी कुठे गेली?" दुसरं कुणी म्हणालं, "अगं, काय सुंदर दिसतायत." बाईंनी हात उचलला आणि पन्नास गळे एका दमात उघडले. बँकेतले गृहस्थ तर सुटका झाल्यासारखे गात होते.

मी डाव्या कानावर नेम धरला आणि बटण दाबलं. त्या कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद करता येत नाही, हे मी विसरले होते. अख्खं सभागृह उजळलं आणि सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. बाईंचा हात एका मात्रेनेही चुकला नाही. गाणं संपेपर्यंत फोटो माझ्या मांडीवर उमटत राहिला. मागचे सगळे गायक अंधारात गेले होते, मामीसुद्धा. मधोमध फक्त ते रुपेरी डोकं होतं, आणि वर उचललेला हात. टाळ्या थांबता थांबेनात. मामी व्यासपीठावरूनच आपल्या बाईंसाठी टाळ्या वाजवत होती, आणि त्यातही तालाच्या पुढे.

दुसऱ्या दिवशी दुकानात भांडण जुंपलं, कारण अशा फोटोची दुसरी प्रत निघत नाही.

"डोकं माझं आहे," बाई म्हणाल्या.

"कापलंय मी."

"फोटो मी काढलाय," मी म्हटलं.

"तू गप्प बस," दोघी एकदम म्हणाल्या.

शेवटी बाईच नमल्या. "बरं, लाव भिंतीवर. पण मग माझा आणखी एक काढ." त्या खुर्चीत बसल्या आणि पायाने रेटा देऊन खुर्ची गर्रकन फिरवली. आता त्या मामीच्या समोर होत्या. भुवया अजून पुरत्या आल्या नव्हत्या.

"बाई, इथे चेहरे लावत नाही," मामी म्हणाली.

"आजपासून लाव."

मामीने नवीन डबा घातला, बटण दाबलं. काळं कार्ड बाहेर आलं. बाईंचा चेहरा पडला. "हे काय?"

"पहिला काळाच येतो, बाई. तो टाकून द्यायचा," मामीने कार्ड टोपलीत भिरकावलं. "आता बसा नीट."

बाईंनी मामीला ताल दिला, "एक, दोन..." आणि मामीने सवयीप्रमाणे तीनच्या आधीच बटण दाबलं. त्यामुळे फोटोत बाईंचं तोंड उघडं आहे, एक डोळा बारीक झालाय, आणि हसू फुटायच्या बेतात आहे.

तो फोटो भिंतीच्या मधोमध आहे. चहूकडून पाठमोरी डोकी, आणि त्यांच्यात एकच चेहरा आपल्याकडे बघणारा. दिवसभर त्याच्यासमोर काम करून झालंय असं, की गाण्याच्या बाई रस्त्यात समोरून आल्या तर मामी त्यांना लांबूनच ओळखते आणि हात वर करते.