नागपुरात कोथिंबीर म्हणाल तर हराल

नागपूरला का जायचं, असं विचारलं की लोक संत्री सांगतात, वाघ सांगतात. मी ऐंशीच्या दशकात पहिल्यांदा गेले ती आत्याला पळवून आणायला. पळवून म्हणजे अगदी रीतसर, परतीची दोन तिकिटं पर्समध्ये ठेवून!

कुसुमआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. दोघं वाढली नागपूरकडेच, पुढे बाबा पुण्याला आले. आत्या राहायची नागपूरजवळ कन्हानला, यजमान तिथल्या खाणीत कारकून. ते गेले, मूलबाळ नव्हतं, तर ही बाई कुणालाही न विचारता सक्करदऱ्याच्या एका वृद्धाश्रमात जाऊन राहिली आणि मग पोस्टकार्ड टाकलं, 'मी मजेत आहे.' बाबांनी ते कार्ड आठवडाभर खिशात बाळगलं. "माझी बहीण आश्रमात? आणि मी काय मेलोय?" स्वतः गेले असते तर बहीणभाऊ फाटकातच भांडले असते, म्हणून मला धाडलं. मी तेवीस वर्षांची, नुकती बँकेत लागलेली, जगाला अक्कल वाटत फिरणारी. म्हटलं, घेऊनच येते.

पुण्याहून गाडीला तेव्हा वीस-एक तास लागायचे. तुम्ही आता गाडी घेऊन महामार्गाने भुर्रकन जाल, पण एकदा तरी रेल्वेनेच जा, कारण अकोल्यापासून डब्यातली मराठी बदलते आणि ती फुकट ऐकायला मिळते. "सरका ना गा भाऊ, काहून एवढे पसरून राहिले?" "मी कुठं पसरून राहिलो? माह्यं अंगच एवढं आहे!" मी खिडकीकडे तोंड करून खिदळत होते. घरी सांगायला म्हणून चार वाक्यं वहीत लिहूनही घेतली.

स्टेशनाबाहेर पडलात की आधी तर्री-पोहे खा. पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री ओततात. "जास्त नको हं," असं पुणेरी सुरात म्हणालात तर जास्तच ओततील. डोळ्यांतून पाणी काढत मी सायकलरिक्षात बसले. डिसेंबरची थंडी, हातात वाफाळता चहा घेतलेली माणसं, मग सक्करदऱ्याचा तलाव आणि त्याच्या मागच्या गल्लीत आश्रमाचं हिरवं फाटक. फाटकात आत्या उभी, स्वेटरवर पदर खोचून.

"आली का वं? बापानं मले न्यायले पाठवलं ना?"

नमस्काराला वाकायच्या आतच माझा बेत उघडा पडला. मी आपलं सुरू केलं, "आत्या, बाबा म्हणाले..."

"थांब. उद्या रविवार, आमची पोतडी असते. तू बी खेळ. माह्यापेक्षा जास्त चिंचोके जिंकली, तर मी मुकाट्यानं गाडीत बसते."

"आणि हरले तर?"

"तर एकटी जाशील. अन् पुन्हा कोणी मले न्यायले येणार नाही."

मी मनात म्हटलं, म्हाताऱ्या माणसांचा खेळ, त्यात काय एवढं! लगेच कबूल झाले.

पोतडीचे नियम सांगते, तुमच्याकडच्या आजी-आजोबांत खेळून बघा. सतरंजीवर सगळे गोल बसतात. जुन्या वस्तूंनी आणि स्वयंपाकघरातल्या एक-दोन जिनसांनी भरलेली कापडी पोतडी हातोहात फिरते, एक जण थाळी वाजवतो. थाळी थांबली की ज्याच्या हातात पोतडी, त्याने न बघता आत हात घालायचा, एक वस्तू चाचपून नाव सांगायचं आणि तिची एक खरी आठवण सांगायची. नाव बरोबर आणि आठवण मंडळींना पटली, तर एक चिंचोका. थाप वाटली तर सगळे ओरडतात, "फेकून राहिला!"

त्या रविवारी थाळी बापूरावांकडे होती. शहराबाहेरच्या वाडी गावातल्या गोदामात हमालांचे मुकादम होते, आवाज अजून ट्रकमागे धावणारा. खेळाचे पंच तेच, खेळाडू तेच आणि सगळ्यात मोठे थापाडेही तेच. त्यांना पोती उचलायचा लोखंडी हुक लागला, तर म्हणे या हुकाने एकदा वाघ अडवला. "फेकून राहिला!" या गर्जनेने झाडावरचे कावळे उडाले.

सुलोचनाबाई निवृत्त शिक्षिका. त्यांना पांढऱ्या कापडाचा तुकडा लागला. म्हणाल्या, "धम्मदीक्षेच्या दिवशी पांढरं नेसून जायचं होतं. घरात पांढरी साडी एकच, ती मायनं नेसली. मंग मी बाबाचं धोतर नेसली." मंडळींनी माना डोलावल्या. तशा त्या म्हणाल्या, "अन् बाबा शेजाऱ्याचं धोतर मागायले गेला, तं शेजारी म्हणे, माह्यं पोरगी नेसून गेली!" हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं.

आत्याला खाणीतला हजेरीचा पितळी बिल्ला लागला. तिच्या लग्नात भटजींनी मंगळसूत्र मागितलं, तर यजमानांनी गडबडीत खिशातून हाच बिल्ला काढून पुढे केला होता. "म्या म्हटलं, हेच घाला, हजेरी तरी लागन!" एवढी हसणारी, बडबडणारी आत्या मी कधी पाहिलीच नव्हती. आमच्याकडे यायची तेव्हा नुसती "हो" आणि "नाही" म्हणायची. मला वाटायचं, स्वभावच अबोल असेल.

मीही काही कमी नव्हते. अडकित्ता ओळखला, पाटीवरची पेन्सिल ओळखली, आठवणी खणखणीत सांगितल्या. शेवटच्या फेरीला आत्याचे चार चिंचोके, माझेही चार, आणखी एक मिळाला की आत्या माझ्याबरोबर गाडीत, आणि थाळी थांबली ती माझ्यापाशी. आत्याचा चेहरा पडला. मी हात घातला. ओलसर, गार, बारीक पानं. बोटांना वास. हात्तिच्या, सोप्पं!

"कोथिंबीर!"

"चूक!" बापूराव उठून उभेच राहिले. "सांबार आहे तो!"

"अहो, सांबार इडलीबरोबर खातात!"

"ते तिकडं. इथं हाच सांबार. पूर्ण इदर्भाले इचार!"

मी तावातावाने भांडले. नाव वेगळं, वस्तू तीच, गुण मिळालाच पाहिजे! शेवटी बापूराव म्हणाले, "बरं, आठवण सांग पोरी, मंग पाहू."

आठवण? ती तर जिभेवरच होती. मी आठ वर्षांची असताना आई आजारी पडली, म्हणून आत्या पुण्याला आली होती. तिने मला सांबार आणायला पाठवलं आणि मी कडीचा डबा घेऊन उडप्याकडून गरमागरम सांबार घेऊन आले! त्या दिवसापासून आम्ही सगळी भावंडं तिला...

"सांगून टाक," आत्या म्हणाली.

"...सांबारआत्या म्हणायचो."

कोणी हसलं नाही. आत्या हातातले चिंचोके चोळत म्हणाली, "महिनाभर हसले सारे. 'मले' म्हटलं की हसत, 'तुले' म्हटलं की हसत. मंग मी बोलणंच सोडलं. इथं दिवसभर बोलते वं मी. कोणी हसलं तं गोष्टीले हसते, बोलण्याले नाही."

पर्समधली वही मला एकदम जड झाली. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

बापूरावांनी घसा साफ केला. "तं पोरी, अखेरचं इचारतो. कोथिंबीर का सांबार?"

"सांबार," मी म्हटलं. "मी चुकले. आत्या जिंकली."

जो काही गलका झाला! बापूरावांनी थाळी बडवली, सुलोचनाबाईंनी मला मिठी मारली आणि आत्याने त्याच जुडीची सांबारवडी करायला घेतली. खुसखुशीत पारीत सांबाराचं तिखट सारण. नागपूरला गेलात तर तर्री-पोह्यांनंतर ही खाच, आणि मागताना नाव नीट घ्या.

परतीच्या गाडीत शेजारच्या रिकाम्या जागेवर वड्यांचा डबा बसला होता. वहीतली ती चार वाक्यं मी वाटेतच फाडली.

दारात बाबा उभे. माझ्या मागे पाहिलं, पुन्हा पाहिलं. "ताई?"

मी सगळं सांगितलं, सांबारआत्यासकट. तीस वर्षं पुण्यात शुद्ध बोलणारे, आम्ही हसायचो तेव्हा आमच्याबरोबर हसणारे माझे बाबा खाली मान घालून ऐकत राहिले. मग त्यांनी डबा उघडला, एक वडी खाल्ली. बोटांना लागलेला चुराही टिपला.

मग माझ्यापुढे हात पसरून म्हणाले, "मले अजून एक दे वं."