जांभळं तळं आणि आत्या

माझी आत्या रागीट आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. का रागीट आहे, हे मात्र कुणी विचारत नसे. कॉलेजात ती वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि मुलं तिला पाठीमागे ‘भट्टी’ म्हणायची. “आज भट्टी पेटलीय,” अशी वर्गाबाहेर कुजबुज झाली की ती दार उघडून म्हणायची, “पेटलीय. आत या.”

तरुणपणी ती संशोधन करायची. थंडगार खोलीत, मंद हिरव्या दिव्याखाली, पालकाची पानं वाटून त्यातलं एकच प्रथिन वेगळं काढायचं, हे तिचं काम. उजेडाच्या जोरावर पाणी फोडणारी जी यंत्रणा पानात असते, तिच्या गाभ्यातलं ते प्रथिन. हात बधिर व्हायचे, तरी हातमोजे काढून काम करायची, कारण मोज्यांनी नळी घसरते. काम पुरं झालं, निबंध छापून आला आणि त्यात तिचं नावच नव्हतं. तिचे साहेब म्हणाले, “तुमचे हात होते, डोकं आमचं होतं.” आत्याने प्रयोगशाळेच्या किल्ल्या त्यांच्या टेबलावर आपटल्या आणि ती निघून आली. ही गोष्ट ती क्वचितच सांगायची. पण कुणी “जाऊ दे ना” म्हटलं की तिच्या डोक्यात तिडीक जायची, ती तेव्हापासून.

माझे बाबा तिचे धाकटे भाऊ. दोघं एकाच वसाहतीत, समोरासमोरच्या इमारतींत राहायचे. मधे तळं. बाबा इंजिनियर होते आणि निवृत्त झाल्यावर वसाहतीच्या समितीचे सचिव झाले. नळ गळला, दिवा गेला, कुणाच्या कुत्र्याने कुणाच्या दारात घाण केली, सगळं बाबांच्या डोक्यावर.

त्या उन्हाळ्यात तळ्यावर शेवाळाचा जाड हिरवा थर आला. लोकांनी बाबांचं जिणं नकोसं करून टाकलं. त्यातच वसाहतीचा वर्धापनदिन जवळ आला होता आणि कुणी मोठे पाहुणे येणार होते. बाबांनी शेवाळ मारायच्या औषधाचा डबा आणून जेवणाच्या टेबलावर ठेवला, आणि नेमकी त्याच वेळी आत्या आली. तिने डबा उचलला, चष्मा कपाळावर सरकवला आणि मागचं बारीक अक्षर वाचलं.

“हे तळ्यात घालणार आहेस?”

“तज्ज्ञांनी सुचवलंय, ताई.”

“कोण तज्ज्ञ? डबा विकणारा?” आत्याने एक खुर्ची ओढली. “हे बघ. पानात काय, शेवाळात काय, यंत्र एकच. हरितद्रव्य उजेड पकडतं. त्या जोरावर एक इलेक्ट्रॉन उडतो. उडालेल्याची जागा भरायला पाण्यातून दुसरा ओढला जातो, पाणी फुटतं, ऑक्सिजन सुटतो. आणि उडालेला इलेक्ट्रॉन पुढे न्यायला एक हमाल असतो. तो या खुर्चीत येऊन बसतो, दोन इलेक्ट्रॉन घेतो, उठतो, जातो. मग दुसरा हमाल येतो. दिवसभर हेच चालू.”

“ताई, मला क्लास नको.”

“तुझं औषध या खुर्चीत येऊन बसतं आणि घेत काहीच नाही. हमालाला जागाच नाही. इलेक्ट्रॉन तुंबतात. वरून ऊन तर चालूच. तो जोर जाणार कुठे? यंत्रच जाळतो. शेवाळ मरतं.”

“मग बरंच की. मारायचंच आहे.”

“सगळं एकदम मरेल आणि तळाशी सडेल. सडताना पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकेल, आणि नवा करणारं कुणी उरलेलं नसेल. माशांनी काय करायचं?”

बाबांनी कपाळाला हात लावला. पण ते म्हणाले, “बरं. थांबतो. तू म्हणशील तसं जाळीने काढून घेऊ.” मी तिथेच होते. मी ते ऐकलं.

नंतरच्या आठवड्यात आत्या, निवृत्त झाली असली तरी, पेपर तपासायला परगावी गेली. ती गेली त्याच दिवशी बाबांनी औषध टाकलं. अख्खा डबा. मी विचारलं तर म्हणाले, “तुझ्या आत्याला सगळ्यातच खोट दिसते. जाळीने काढायला माणसं कुठून आणू?” मला त्यांचा इतका राग आला की दोन्ही वेळा मी माझ्या खोलीतच जेवले. पण आत्याला फोन मात्र केला नाही. घरातलं भांडण वाढवायचं माझ्या जिवावर आलं होतं.

पाणी आधी स्वच्छ झालं. लोक बाबांची पाठ थोपटून गेले. मग ते चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी झालं. वर्धापनदिनाच्या सकाळी आत्या परतली, तेव्हा काठाकाठाने मासे पोट वर करून तरंगत होते. काही अजून जिवंत होते, तोंड पाण्याबाहेर काढून हवा ओढत होते.

ती घरी गेलीच नाही. बॅग काठावर टाकली, माळ्याची बादली घेतली, मेलेले मासे भरले आणि तशीच सभागृहात आली. बाबा माइक तपासत होते. खुर्च्या मांडून झाल्या होत्या, टेबलावर पांढरा कपडा होता. आत्याने बादली त्या कपड्यावर उपडी केली.

“घे. पाहुण्यांना दाखव.”

बाबांचा चेहरा लाल झाला होता. “ताई, डब्यावर स्पष्ट लिहिलंय, माशांना अपाय नाही.”

“डब्यावरचं खरंच आहे. औषधाने नाही मेले. गुदमरून मेले. तुला सांगितलं होतं, तुझ्याच जेवणाच्या टेबलावर. आणि तू थांबतो म्हणालास.”

“लोकांसमोर तमाशा नको. घरी बोलू.”

“घरी बोलले होते. लहानपणी पाखरांची अंडी फोडायचास आणि ‘मी नाही’ म्हणून आईच्या मागे लपायचास. आता आई नाही, तर डब्यामागे लपतोस.”

हे तिने बोलायला नको होतं. त्यांनी माइक खाली ठेवला आणि ते सरळ बाहेर निघून गेले. पाहुण्यांचा कार्यक्रम कसाबसा उरकला गेला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. रस्त्यात समोरासमोर आले तर बाबा फाटकाची कडी तपासायला लागायचे आणि आत्या नाक वर करून निघून जायची. आई दोघांचे निरोप पोचवून वैतागली. मला तर दोघांचाही राग यायचा. एकाने शब्द मोडला होता आणि दुसरीने माणूस.

काही आठवड्यांनी तळ्याला सडक्या अंड्यांचा वास सुटला आणि पाणी जांभळं होऊ लागलं. आधी कडेला डाग, मग पार मधोमध, शाई सांडल्यासारखं. लोक घाबरले. कुणी म्हणालं विष, कुणी म्हणालं कारखान्याचा रंग. मी बाटलीत पाणी भरून आत्याकडे नेलं. तिने एक थेंब काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि काच हळूहळू सरकवत राहिली. इतके दिवस तिच्या कपाळावर आठी होती, ती तेव्हा पहिल्यांदा थोडी सैल झाली.

“ये, बघ.”

मला गुलाबी ठिपके पोहताना दिसले, आणि प्रत्येकाच्या पोटात चमकणारे कण.

“हे जिवाणू आहेत. यांनाही उजेडावर जगता येतं, पण पाणी फोडण्याइतकी ताकद यांच्या यंत्रात नाही. हा जो सडका वास येतो ना, त्या वायूतून हे इलेक्ट्रॉन घेतात. म्हणून ऑक्सिजन सुटत नाही, गंधक उरतं. ते चमकणारे कण म्हणजे गंधक. आपल्या डोळ्यांना दिसतही नाही असला उजेड हे पकडतात.”

“मग औषधाने हे कसे नाही मेले?”

“यांचीही तशीच खुर्ची आहे, पण घडण जरा वेगळी. तुझ्या बापाचं औषध तिथे नीट बसत नाही.” मग आवाज चढला. “तो वायू विषारी आहे, आणि हे तो खातायत. तुझ्या बापाने केलेली घाण हे निस्तरतायत, आणि माणसं नाकाला रुमाल लावून यांनाच शिव्या देतायत.”

समितीने तळं बुजवायचं ठरवलं. वर माती, मातीवर गाड्या लावायला जागा. आत्याला कुणी बैठकीला बोलावलंच नाही. तिला ते कळलं तेव्हा मातीचा पहिला ट्रक फाटकातून आत येत होता. ती घरातली खुर्ची उचलून खाली आली, काठाला जिथे ट्रक मागे घ्यावा लागणार होता तिथे ठेवली आणि बसली.

ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला. ती हलली नाही. तो खाली उतरून म्हणाला, “आजी, बाजूला व्हा.”

“आजी तुझ्या घरी. मी बसलेय.”

त्याने वैतागून बाजूच्या कोपऱ्यातच अर्धी माती ओतली. धुरळा आत्याच्या केसांवर, चष्म्यावर बसला. तिने चष्मा पुसला नाही. कुणीतरी बाबांना बोलावून आणलं. बऱ्याच आठवड्यांनी दोघं न टाळता एकमेकांसमोर उभे होते, म्हणजे बाबा उभे आणि आत्या बसलेली.

“ऊठ.”

“नाही.”

“वास येतो, लोक मला विचारतात. तुला कुणी विचारत नाही.”

“मला कुणी विचारलं नाही, हेच तर झालंय. आयुष्यभर.” तिचा आवाज चिरकला आणि त्याचाही तिला राग आला. “माती आणायला ट्रक मिळतो, हवेचा पंप मिळत नाही? पाण्यात हवा सोड. वास जाईल, जांभळं जाईल. औषधाचा जोर ओसरला की हिरवंही परत येईल. थोडं तरी उरलं असेल तर. इंजिनियर आहेस ना? की तेही विसरलास?”

ट्रकवाला म्हणाला, “साहेब, बाईंना उचलायचं का?” बाबा गर्रकन वळले. “हात लावून बघ माझ्या बहिणीला.” त्यांचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. ट्रक उरलेली माती घेऊन परत गेला. आत्या मात्र खुर्चीवरून उठली नाही. जाताना बाबा तिला काही म्हणाले नाहीत, तीही त्यांना नाही.

पंप बाबांनीच बसवला. स्वतः गुडघाभर चिखलात उतरून नळ्या टाकल्या, समितीशी भांडले, सचिवपद सोडायची धमकी दिली. हळूहळू वास विरला, जांभळा रंग फिका झाला, आणि पुढे कडेच्या दगडांवर पातळ हिरवं दिसू लागलं. मासे परत आले नाहीत. नवे आणून सोडावे लागले. आत्या म्हणाली, “नवे म्हणजे तेच नव्हेत.” तिने त्याबद्दल बाबांना माफ केलं नाही, आणि बाबांनीही सभागृहातलं ते अंड्यांचं बोलणं विसरल्याचं कधी दाखवलं नाही.

मग समितीने तळ्याकाठी एक फलक लावला. सुंदर निळी अक्षरं. समितीच्या अथक प्रयत्नांनी तळ्याला जीवदान मिळालं, असं वर, आणि खाली जरा ज्ञान: ‘हिरवे शेवाळ कार्बन डायऑक्साइडपासून ऑक्सिजन बनवून आपल्याला देते.’

आत्या भर दुपारी ब्रश आणि काळा रंग घेऊन आली. ‘समितीच्या अथक प्रयत्नांनी’ हे तिने आधी खोडलं. मग ‘कार्बन डायऑक्साइडपासून’ खोडून वर लिहिलं, ‘पाण्यापासून’. रंग पातळ होता, ओघळ खालपर्यंत आले.

बाबा गॅलरीतून बघत होते. ते चप्पल घालून तरातरा खाली गेले. “ताई, ही सार्वजनिक मालमत्ता आहे. दंड होईल.”

“कर दंड. वाक्य चूक आहे.”

“मग मला सांगायचं. मी नीट लिहून घेतलं असतं.”

“तुला सांगून काय होतं ते मी पाहिलंय.”

“तू कधी कुणाचं ऐकून घेतेस का? एकदा तरी?”

“नाही. तू घेतोस?”

असं ते बराच वेळ चाललं. येणारेजाणारे थांबून बघत होते. आई गॅलरीत येऊन म्हणाली, “बोलायला लागले की गं,” आणि आत जाऊन तिने दोघांसाठी चहा टाकला. चहा प्यायला मात्र बाबा एकटेच वर आले, आणि येताच फणकारून मला म्हणाले, “तुझ्या आत्याला म्हणावं, ‘पाण्यापासून’ मधला ‘ण्या’ नीट काढ. वाचता येत नाहीये.”