चपला काढून घरात येणारी भुतीण

माझ्या आयुष्यातला एकमेव चित्रपट सध्या मोबाइलवरून मोबाइलवर फिरतो आहे. अख्खा नव्हे, त्यातला जेमतेम अर्ध्या मिनिटाचा तुकडा. एक भुतीण धुरातून चालत येते. केस तोंडावर, अंगात निळ्या फुलांची मॅक्सी. दारापाशी थांबते. पायातल्या चपला काढते, वळून अंगठ्याने त्या नीट जुळवते, टाचा घराकडे, टोकं अंगणाकडे. मग आत जाऊन एका माणसाचा गळा दाबते.

ती भुतीण मी.

हे ऑफिसात कोणाला माहीत नव्हतं. गोव्यात मोपाच्या विमानतळावर मी मालाच्या कागदपत्रांचं काम करते. ते मला आवडतं, कारण खोकी प्रश्न विचारत नाहीत. एके दिवशी डबा खाताना समोरच्या मुलीने मोबाइल पुढे केला.

"बघितलंस? गळा दाबायला आलीय की हळदीकुंकवाला?"

मी बघितलं आणि सगळ्यांसारखीच हसले. ते हसणं इतकं खरं वाटलं की मलाच आश्चर्य वाटलं. शाळेत असताना एवढा अभिनय येत असता तर मी भुतीण झालेच नसते.

तेव्हा खाणी बंद झाल्या होत्या आणि डिचोलीत ट्रक ताडपत्री पांघरून उभे होते. बाबांच्या एका मित्राचे दोन ट्रक होते. आम्ही त्यांना काका म्हणायचो. बाकीच्यांनी ट्रक विकले, कोणी गाई घेतल्या. काकांनी चित्रपट काढायला घेतला. ट्रकचे हेडलाइट म्हणजे चंद्र, तेच उघडझाप केले की वीज. नायक त्यांचा ड्रायव्हर. कॅमेरा लग्नांचं शूटिंग करणाऱ्या माणसाचा, त्यामुळे भुताचा प्रत्येक प्रवेश नवरी मांडवात येते तसा पायापासून वर डोक्यापर्यंत. धुरासाठी नारळ सोलून निघालेली ओली सोडणं जाळली. त्या धुरात नायक खोकायचा, नायिका खोकायची आणि मीही. पडीक घर दिसावं म्हणून धूळ हवी होती. खाणींच्या धुळीत वाढलेल्या डिचोलीच्या माणसाने धूळ शोधायला निघावं, हा त्या चित्रपटातला एकमेव खरा विनोद, आणि तो पडद्यावर आलाच नाही.

घर आमचं. काकांना जुनं कौलारू घर हवं होतं, पण एकही मालक तयार होईना. मुलीचं लग्न ठरवायचं असताना घराला भूत कोण चिकटवून घेणार? आमचं धारगळचं घर तेव्हा नुसतंच स्लॅब पडलेलं, गिलावा न केलेलं होतं. ज्या घरात अजून कोणी राहायलाच गेलं नाही तिथे मेलं कोण आणि कधी, हे काकांनी कथेत सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

मला आधी जमीनदाराच्या मुलीची भूमिका होती. एकच वाक्य: "बाबा, या घरात आपल्याशिवाय आणखी कोणीतरी आहे." माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी घरातली, पण मोठ्याने म्हणायची सवय फक्त इंग्रजी कवितांची. मी हात पाठीमागे बांधून, प्रत्येक शब्दावर सारखाच जोर देत वाक्य म्हटलं. काकांनी कपाळाला हात लावला.

"बाय, घरात भूत आलंय. तू प्रार्थना कित्याक म्हणतस?"

ते वाक्य माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या मावसबहिणीला मिळालं. तिने ते पहिल्याच फटक्यात म्हटलं आणि वर रडून दाखवलं. माझे केस तेव्हा कमरेपर्यंत होते आणि चालताना माझ्या पावलांचा आवाज होत नाही, म्हणून मी भुतीण. "नाय तरी ही उलयता कुठे?" असं काका माझ्या न बोलण्यावर म्हणाले आणि सगळे हसले. मला मात्र सुटल्यासारखं झालं. तोंडावर केस घेतले की मला कोणी बघत नव्हतं आणि मी सगळ्यांना बघत होते. माणसं असं कायम का जगत नाहीत, असं मला तेव्हा वाटलं होतं. अजूनही अधूनमधून वाटतं.

आईच्या दोन अटी होत्या. मुलीला पांढरी साडी नेसवायची नाही, म्हणून मॅक्सी. आणि दुसरी तिने दारात उभं राहून अख्ख्या युनिटला ऐकवली. "घरात देवाची तसबीर लावलीय. भूत असूं दी नाय तर पावणो, व्हाणो भायर!" अंगणात खडी पसरलेली, म्हणून मला चपला घालूनच चालायचं होतं. पाय दिसणार नाहीत असं ठरलं होतं. कॅमेरावाल्याने सवयीने पायांपासून सुरुवात केली. आणि मी उंबऱ्याशी आल्यावर जे रोज करायचे ते केलं. "कट" ऐकू आलं नाही, कारण काका खोकत होते. दुसऱ्यांदा घ्यायला सोडणं उरली नव्हती.

चित्रपट डिचोलीत एकदा दाखवला गेला. लोक बघून घरी गेले. विषय संपला.

आता तो पुन्हा सुरू झाल्यावर एका रविवारी मी खोलीचं दार लावून काकांनी इंटरनेटवर टाकलेला अख्खा चित्रपट लॅपटॉपवर बघितला. घनदाट जंगलात हायवेवरच्या बसचा हॉर्न वाजतो. झपाटलेल्या आरशात माझी आई चहाचा ट्रे घेऊन जाताना दिसते. तीच सगळ्यात भयंकर वाटते, कारण ती वैतागलेली आहे. खाली लोकांची मतं होती. एका अभ्यासू माणसाने लिहिलं होतं की हडळीचे पाय उलटे असतात, ते इथे उलट्या ठेवलेल्या चपलांतून सुचवलं आहे आणि हे ग्रामीण भयपटातलं दुर्मीळ प्रतीक आहे. काकांनी त्याखाली हात जोडलेलं चित्र टाकलं होतं.

दोन दिवसांनी मावसबहिणीचा फोन आला. डिचोलीच्या बाजारात तिचं शिवणकामाचं दुकान आहे.

"गो, एक गंमत झाली. एक रीलवाला मुलगा दुकानात आला होता. मी म्हटलं, त्या पिक्चरमध्ये मी होते. तर तो म्हणाला, चपलावाली? मी म्हटलं, हो."

"पण ताई, तू तर..."

"माझं ते वाक्य कोणाला आठवतंय? तुला नाही तरी लोकांसमोर आवडत नाही. मग भुतीण राहू दे ना माझ्याकडे."

मी "बरं" म्हटलं. मी नेहमी बरं म्हणते. फोन ठेवल्यावर दोन दिवस मला जेवण गेलं नाही, आणि नेमकं काय गेलं ते सांगताही येईना. तोंडावर केस असलेलं एक भूत. त्याच्यावर माझं नाव कुठेच नव्हतं, आणि तेच तर मला आवडत होतं. मग आता ते दुसऱ्याचं झालं तर एवढं काय बिघडलं?

आई मात्र स्पष्ट बोलली. "चलूक शिकवलंय मी, व्हाणो काढूक शिकवलंय मी, आणि भुतीण तिची कशी?"

काकांनी गावच्या सभागृहात रविवारी दुपारी चित्रपट पुन्हा लावला. शेवटी भुतिणीचा सत्कार, शाल आणि नारळ. भुतीण कोण होती हे काकांना पक्कं माहीत होतं. पण रीलवाल्याने मावसबहिणीचं नाव आधीच सगळीकडे पसरवलं होतं आणि काकांना प्रसिद्धीत दुरुस्ती नको होती. मी आईशेजारी तिसऱ्या रांगेत बसले. तिथून उठून जाणं सोपं असतं.

तो प्रसंग आला तेव्हा सभागृह टाळ्यांनी भरून गेलं. मग मावसबहीण मंचावर गेली, शाल घेतली, आणि खालून कोणीतरी ओरडलं, "करून दाखव!"

तिने वाकून, हाताने पट्टा सोडवून सँडल काढले आणि तसेच टाकून दिले. एक आडवा पडला.

"नाय गो, तसं नाय!" मागून एक बाई म्हणाली. "आधी डावी काढता ती."

"आणि मगे फिरता," दुसरी म्हणाली. लोकांना पाठ होतं.

मावसबहिणीने पुन्हा प्रयत्न केला. चुकला. हसू ऐकू येऊ लागलं तशी तिने माझ्याकडे बघितलं. मदत मागत होती की मी गप्प बसेन ना याची खात्री करून घेत होती, मला कळलं नाही. आई माझ्याकडे बघतच नव्हती. ती समोर बघत होती, तोंड घट्ट मिटून, आरशात दिसते तशी.

मी उठले. चालताना नेहमीसारखा आवाज झाला नाही, म्हणून मंचाच्या पायरीशी पोचेपर्यंत कोणाचं लक्ष गेलं नाही. केस पुढे ओढायला हात गेला, तेव्हा आठवलं की ते आता मानेपर्यंतच आहेत. तोंड झाकायला काही नव्हतं. डावी चप्पल काढली, मग उजवी. वळले. अंगठ्याने जुळवल्या.

मग ती मागची बाई म्हणाली, "अगो बाय माझे! हीच गो ती!"

काकांनी गोंधळून माइक माझ्यासमोर धरला. "बोल काहीतरी." शेजारी मावसबहीण शाल घेऊन उभी होती, कान लाल झालेले. मला दुसरं काही सुचलं नाही. पाठ असलेलं मराठी वाक्य एकच होतं.

"बाबा, या घरात आपल्याशिवाय आणखी कोणीतरी आहे."

लोक असे हसले की मावसबहीणही हसली, आणि हसता हसता तिने शालीचं एक टोक माझ्या खांद्यावर टाकलं. दुसरं सोडलं नाही. शिवणकाम करणारी आहे, कापड कुठे धरायचं ते तिला कळतं.

काकांनी माइक बाजूला घेतला आणि माझ्या कानाशी वाकले.

"बाय," ते म्हणाले, "अजून प्रार्थनाच वाटता गो."